नाही म्हणणारा उस्ताद : यंत्र, संगीत आणि आपल्या संस्था

मराठीत 'कायदा' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो, कोर्टात आणि तबल्यात. तबल्यातला कायदा म्हणजे एक ठरावीक बोलसमूह आणि त्याच्या विस्ताराचे नियम. मुखात जे बोल आले तेच उलटसुलट मांडायचे, बाहेरचा बोल घ्यायचा नाही, भरीनंतर खाली यायची आणि खालीत 'धा'चा 'ता' व 'धिं'चा 'तिं' व्हायचा. हे नियम सगळ्या तबलजींना माहीत असतात, पण ते सगळेच्या सगळे कुणी लिहून देऊ शकत नाही. शिष्य चुकला की उस्ताद 'नाही' म्हणतात. का नाही, ते बहुतेक वेळा सांगत नाहीत. पुन्हा वाजवून दाखवतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल या दोघांनी हा 'नाही' संगणकाला शिकवता येतो का, हे पाहायचे ठरवले. त्यातून 'बोल प्रोसेसर' तयार झाला. संगणक आणि आपले संगीत यांच्या संबंधाचा विचार करताना या छोट्याशा प्रोग्रॅमपाशी पुन्हा पुन्हा यावे लागते, असे मला वाटते. या परिसरात शतकभरात संस्थांनी यंत्राकडून संगीताची जी कामे करून घेतली किंवा घ्यायची राहून गेली, त्यांचे मूल्यमापन करायला त्यातून एक चांगला निकष मिळतो. तो असा : यंत्राला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे ठेवला होता?

दुसरा निकष अशोक दा. रानडे यांच्याकडून घेऊ. भारतीय संगीत म्हणजे फक्त रागसंगीत नव्हे, असे रानडे आयुष्यभर सांगत राहिले. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी त्यांनी पाडल्या. प्रत्येक कोटीचे नियम वेगळे, श्रोता वेगळा आणि सादर करण्याचे कारणही वेगळे. यंत्र आपल्याकडे आले ते या सगळ्या कोटींत आले, पण प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळे काम मिळाले. कलासंगीतात ते आधी पंच झाले, मग शिष्य. लोकसंगीतात लेखनिक झाले. जनसंगीतात सरळ वादकच होऊन बसले. संस्थांनी पहिल्या तिन्हींकडे लक्ष दिले, चौथे बाजारावर सोडले. त्याचे परिणाम आज आपण ऐकतो आहोत.

यंत्र पंच होते तेव्हा

संगणकाच्या कितीतरी आधी यंत्राला पंच म्हणून बसवण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० मध्ये त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. प्रयोगांसाठी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा मिळाला. ई. क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी, पेशाने न्यायाधीश, त्यांना येऊन मिळाले. फिल्हार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था उभी राहिली आणि बावीस श्रुती वाजवणारी पेटी विलायतेत बनवून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी विद्वानांपुढे मांडली गेली. श्रुतींच्या प्रश्नावर एकमत मात्र झाले नाही, आणि ते आजही नाही. डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटी हा त्याच वादाचा अलीकडचा, अधिक सफाईदार अध्याय.

देवल-क्लेमंट्स यांची चूक हिशेबात होती असे मानले जाते. मला ती प्रश्नात दिसते. 'गवय्या कोणता स्वर लावतो?' एवढेच विचारले तर यंत्र मदत करते. 'गवय्याने कोणता स्वर लावावा?' असे विचारले की यंत्र न्यायाधीश होते आणि गवय्या आरोपी. न्याय उलट्या दिशेनेही झाला : १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७०च्या दशकापर्यंत या ना त्या रूपात चालली. इथे पेटी आरोपी होती. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, कोर्ट तेच राहिले.

१९६३ मध्ये नझीर जयराजभाय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादनातल्या स्वरांची मोजणी प्रसिद्ध केली. एकाच स्वराची उंची कलाकारागणिक आणि प्रसंगागणिकही बदलते, असे त्यात दिसले. कोर्टाला हा मोठा धक्का असायला हवा होता. तरीही 'खरी' श्रुती शोधण्याचा हट्ट संपला नाही. आकडे हाती आले की आपल्याला त्यांचे नियम करायची घाई होते.

पुढे मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएने जे केले ते या पार्श्वभूमीवर मोलाचे वाटते. बेल यांनी दिल्लीत 'इस्टार' या संस्थेत स्वरांच्या चलनाचा आलेख काढणारे यंत्र बनवले होते. विम व्हान डर मेर हे डच अभ्यासकही त्या कामात होते. एनसीपीएचा या संशोधनाशी संबंध आला, आणि पुढे सुवर्णलता राव व व्हान डर मेर यांनी एनसीपीए आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'ऑट्रिम' हा प्रकल्प केला. त्याचे फलित 'म्युझिक इन मोशन' या नावाने पाहायला मिळते. पडद्यावर सप्तकाच्या आडव्या रेषा, तालाच्या खुणांच्या उभ्या रेषा, आणि त्यांतून गाण्याबरोबर पुढे सरकत जाणारी आवाजाची वळणदार रेघ.

ही रेघ पाहिली की भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिपीने शंभर वर्षे काय दाखवले आणि काय लपवले, ते एका क्षणात कळते. स्वरलिपीत 'ग' हे एक अक्षर आहे. आलेखात तो 'ग' उतरतो, चढतो, थरथरतो, आणि कधी 'ग'च्या रेषेवर टेकतही नाही, तरी आपल्याला तो 'ग'च ऐकू येतो. यंत्राने इथे निकाल दिलेला नाही, साक्ष दिली आहे. प्रत्येक आलेख एका कलाकाराच्या एका सादरीकरणाचा आहे, रागाचा नाही. त्यामुळे तो वापरणाऱ्याला 'असे गा' असे म्हणता येत नाही, 'इथे असे गायले गेले' एवढेच म्हणता येते. क्लासला जाणाऱ्या मुलांना हे दाखवायला हवे, पण त्याबरोबर हा फरकही सांगायला हवा. नाहीतर उद्या आलेखाशी गळा जुळवून गुण देणारे यंत्र घरोघर येईल आणि देवल-क्लेमंट्सांचे कोर्ट खिशातल्या मोबाइलमध्ये भरेल.

यंत्र शिष्य झाले तेव्हा

बोल प्रोसेसरची गोष्ट याहून वेगळी आहे. किपेन लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बेल गणित आणि संगणक जाणणारे. 'वर्ड प्रोसेसर'वरून 'बोल प्रोसेसर' हे नाव आले : कळफलकावरच्या एकेका कळीला एकेक बोल. ॲपल टू-सी या आजच्या हिशेबाने खेळण्याइतक्या संगणकावर हे काम चाले.

आधी किपेन जे शिकले त्यावरून कायद्याचे व्याकरण लिहायचे. मग संगणक त्या व्याकरणातून नवे पलटे काढणार. ते वाजवून किंवा पढून उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार : हा चालेल, हा नाही, हा चालेल पण कुणी असे वाजवत नाही. ज्याला 'नाही' मिळाले त्यावरून व्याकरण दुरुस्त करायचे आणि पुन्हा पलटे काढायचे. खालीत 'धा'चा 'ता' होण्याचा नियमही व्याकरणात घातलेला होता, म्हणजे भरीचा भाग एकदा लिहिला की त्याचे खालीतले प्रतिबिंब यंत्र स्वतः काढी. उलट दिशेनेही काम होई : कुणी वाजवलेला पलटा यंत्रापुढे ठेवला तर तो व्याकरणात बसतो की नाही, ते यंत्र सांगे. पुढे त्यांनी उदाहरणांवरून नियमांचा अंदाज बांधणारा आणखी एक प्रोग्रॅम केला. त्याचे नाव 'कवायद', कायद्याचे अनेकवचन. नावातच विनोद होता आणि नम्रताही.

या प्रयोगाची थोरवी यंत्राने काय निर्माण केले यात शोधू नये. यंत्राचे पलटे आफाक हुसेन खाँच्या पलट्यांच्या पासंगालाही पुरले नसणार, आणि तो हेतूही नव्हता. हेतू हा होता की उस्तादांचा 'नाही' ऐकता ऐकता, त्यांना स्वतःला शब्दांत सांगता न येणारे नियम हळूहळू कागदावर यावेत. यंत्राचे चुकणे उपयोगी होते, कारण चुकल्यावर त्याला थांबवणारा माणूस समोर बसला होता. यंत्र गुरू नव्हते, परीक्षक नव्हते. ते एक मठ्ठ पण न कंटाळणारे शिष्य होते.

या शिष्याचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती मॅकिंटॉशवर आली, मिडीशी जोडली गेली, आणि रचनाकारांचे साधन झाली. वेगवेगळ्या लयींचे तुकडे एकमेकांवर बसवण्याची तिची लिपी इंग्लंडच्या ॲलेक्स मॅक्लीन यांनी आपल्या 'टायडल सायकल्स' या भाषेच्या छोट्या लिपीसाठी आधार म्हणून घेतली. आज जगभर 'अल्गोरेव्ह' नावाच्या कार्यक्रमांत तरुण मंडळी पडद्यावर सर्वांदेखत कोड लिहीत नाचायचे संगीत वाजवतात, तेव्हा त्या कोडच्या कंसांमागे लखनौच्या कायद्याची आठवण असते. मॅक्लीन हे ऋण उघडपणे मान्य करतात. आपल्याकडच्या तबल्याच्या क्लासांना मात्र याची खबर नाही, ही आपली गैरसोय आहे. ज्याला पढंत येते त्याला ही भाषा निम्मी आधीच येते.

यंत्र लेखनिक झाले तेव्हा

बेल यांचा पुढचा प्रवास आपल्या घराजवळचा. पुण्यात १९८० साली सुरू झालेल्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेत हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. मुळशीसारख्या डोंगरी भागातल्या गरीब बायकांच्या संघटनेच्या कामातून ही गाणी पुढे आली. गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्यांचे कारणच गेले. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून, एक लाखावर ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल या कामात आले, ओव्यांचा संगणकीय संग्रह त्यांनी बांधला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉयत्वाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे धन भाषांतरांसह लोकांपुढे आणायला घेतले. आशा ओगले, नमिता वाईकर, जितेंद्र मैड, रजनी खळदकर अशी मंडळी त्यात राबली.

या संग्रहाची सगळ्यांत मोठी गोष्ट मला त्याच्या आकड्यात दिसत नाही, रकान्यांत दिसते. प्रत्येक ओवीसमोर तिचा विषय आहे, गाव आहे, तालुका आहे, आणि गाणारीचे नाव आहे. 'लोकगीत, कवी अज्ञात' ही आपल्या पाठ्यपुस्तकांची सवय. इथे लेखनिक झालेल्या यंत्राने ती मोडली. ओवी परंपरेची असते हे खरे, पण ती त्या दिवशी त्या बाईने आपल्या भावासाठी, आपल्या लेकीसाठी, कधी सीतेच्या वनवासात आपला वनवास मिसळून गायलेली असते. विषयांचे वर्गीकरण इतके बारीक आहे की हा संग्रह शोधायच्या यादीसारखा न राहता स्त्रियांच्या विचाराचा नकाशा होतो.

तरी टीका करायचीच झाली तर ती इथे करावी लागते. एक लाख ओव्या आणि १२० तास ध्वनी, या दोन आकड्यांत मोठी दरी आहे. बहुतेक ओव्या शब्द म्हणून उरल्या आहेत. तबल्यात बोल लिहिला की वाजवायचे काय ते बरेचसे कळते, कारण बोल हेच त्या कलेचे अक्षर आहे. म्हणून बोल प्रोसेसरला मजकुरावर भागवता आले. ओवीचे तसे नाही. बायका चालीला 'गळा' म्हणतात. एका गावाचा गळा दुसऱ्या गावाला नसतो, आणि पाळूचा फेरा, हाताचा जोर, दुसरीने मागून धरलेला सूर यांच्याशिवाय तो गळा पुरता कळत नाही. शब्द शोधता येतात, गळा शोधता येत नाही. संगीतशास्त्रज्ञाने बांधलेल्या संग्रहातही संगीत मजकुराच्या मागे राहावे, यात कुणाचा आळस नाही. त्या काळी कागद स्वस्त होता, ध्वनिमुद्रण महाग, आणि संगणकाला अक्षर सगळ्यांत सोपे. पण हे आपण विसरलो तर 'ओव्या वाचल्या' असे समाधान वाटून घेऊ. आता आवाजातल्या चालीचा शोध घेणारी तंत्रे आहेत. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेने रागसंगीतातल्या स्वररेषांवर वर्षानुवर्षे काम केले, आणि बार्सिलोनाच्या झेवियर सेरा यांच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पातही या प्रयोगशाळेचा वाटा होता. हेच कौशल्य त्या १२० तासांकडे वळले तर गळ्यांचाही नकाशा होऊ शकेल.

यंत्र वादक झाले तेव्हा

आता रानड्यांचे जनसंगीत. मालाडला कुरारमध्ये किंवा मालवणीत गणपतीच्या दिवसांत उभे राहा. बेंजो पार्टीत ताशाशेजारी ऑक्टापॅड असतो, आणि कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅशिओ'च म्हणतात. रोलँडचा ऑक्टापॅड १९८५ साली बाजारात आला. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या, आणि आत साठवलेले किंवा मिडीवरून दुसऱ्या यंत्राकडून मागवलेले ठेके. संगणक-संगीताचा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा प्रसार हा. त्याला परिषद लागली नाही, अनुदान लागले नाही, अभ्यासक्रम तर नाहीच. वादक पोरे एकमेकांकडून पाहून शिकली.

संस्थांनी या टोकाला हात लावलाच नाही असे नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा, अतुल देसाई अशांनी तिथे काम केले. १९७२ नंतर ते थांबले, आणि फिती संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुर्गस यांनी त्या बाहेर काढल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने १९८२ मध्ये रोलँडची यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये युरोपातून ती तबकडी पुन्हा निघाली आणि सारे जग चकित झाले. दोन्ही गोष्टींत काम इथे झाले आणि ऐकणारे कान बाहेरून आले. कलासंगीताच्या समीक्षेला ते हलके वाटले, जनसंगीताला समीक्षाच नव्हती.

त्याची किंमत दिली ती वादकांनी. मोठ्या वाद्यवृंदावर चालणारे मुंबईचे रेकॉर्डिंग स्टुडिओ १९९०च्या दशकात सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक यांवर आले. व्हायोलिनच्या रांगा घरी बसल्या. यंत्र एक वादक म्हणून आले आणि पन्नासांची जागा घेऊन बसले. त्याला 'नाही' कुणी म्हणायचे, हे ठरवणारे उस्ताद तिथे नव्हते, फक्त निर्माता होता आणि त्याचे बजेट होते.

आता

आज दोन ओळी लिहिल्या की अख्खे गाणे तयार करून देणारी यंत्रे आली आहेत. ती शिष्य आहेत, पण कुणाची ते सांगत नाहीत. त्यांनी ऐकलेल्या लाखो गाण्यांसमोर गाणाऱ्याच्या नावाचा रकाना नाही. त्यांना 'हे चालेल, हे नाही' असे सांगणारे माणूस आहे, पण ते बहुधा ग्राहक आहे, जाणकार नाही. म्हणजे पुण्याच्या संस्थेने जे सांभाळले ते नाव इथे गेले, आणि लखनौच्या बैठकीत जे होते ते 'नाही'ही गेले.

म्हणून या परिसरात संगणक-संगीतासाठी एखादी नवी संस्था निघालीच तर तिने नवे यंत्र आणण्याची घाई करू नये. यंत्रे येतच राहतात. तिने दोन जुनी कामे करावीत. ज्याचा आवाज घेतला त्याचे नाव आवाजापासून सुटणार नाही अशी वही ठेवावी, आणि यंत्राने काही केले की ते कुणापुढे ठेवायचे ती बैठक भरवावी. त्या बैठकीत एनसीपीएतले संशोधक असावेत, तबल्याचे उस्ताद असावेत, ओवी गाणारी म्हातारी असावी, आणि मालवणीतला ऑक्टापॅडवालाही असावा. चौघांचे पटणार नाही. बडोद्यालाही पटले नव्हते. पण तिथे गुंता पेटीने सोडवावा अशी अपेक्षा होती. इथे तो माणसांनी आपसात सोडवायचा आहे, यंत्र फक्त पुढचा पलटा काढून देईल.